आई-बापांनो, एकदा रानवाटेने पळून पाहा

या पानावर एरवी तुम्ही कापसाची बोंडअळी, केळीवरचा करपा, हरभऱ्यातली घाटेअळी असले विषय वाचता. आज मी पिकाबद्दल नाही, पीक काढणाऱ्या माणसाबद्दल लिहिणार आहे. विषय आहे पळण्याचा. तोही रस्त्यावर किंवा मैदानावर नव्हे, रानातल्या पायवाटेने. आणि पळणारी भरतीची पोरं नव्हेत, तर त्या पोरांचे आई-बाप.

तुम्ही म्हणाल, "मॅडम, दिवसभर शेतात राबून आमचे पाय दुखतात, त्यात हे पळायचं काय काढलं?" प्रश्न बरोबर आहे. मीसुद्धा हेच म्हणत होते.

मी कृषी खात्यात विस्ताराचं काम करते. वय छत्तीस. घरी अकरा वर्षांची मुलगी आणि सात वर्षांचा मुलगा. लोकांना वाटतं की आमचं काम म्हणजे रोजची शिवारफेरी. पण खरं सांगते, आता शिवारफेरी दुचाकीवर होते. बांधापर्यंत गाडी, तिथे पंचनामा, मोबाइलवर फोटो, ऑनलाइन नोंद, की पुढचं गाव. दोन वर्षांपूर्वी एका शेतात जायला नाल्याचा चढ चढले आणि वर पोचता पोचता डोळ्यांपुढे अंधारी आली. माझ्यापुढे साठीचे एक आबा खांद्यावर फवारणीचा पंप घेऊन सरळ चढून गेले होते. प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासलं तर रक्तदाब वाढलेला. डॉक्टरांनी आधी वय विचारलं आणि मग गोळीच्या आधी चालायला सांगितलं.

त्याच महिन्यात माझी मुलगी शाळेच्या स्पर्धेत पळाली. घरी आल्यावर तिने विचारलं, "मम्मी, तू शाळेत पळायची का?" म्हटलं, पळायची. "मग बंद का केलं?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्याकडे आहे का, बघा.

पळणं कोणी बंद केलं?

आपल्या खान्देशात पळणारी माणसं कमी नाहीत. पहाटे पाचला सुरत-नागपूर महामार्गाच्या किंवा मुंबई-आग्रा महामार्गाच्या कडेने जाऊन बघा. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी अंधारात पळताना दिसतील. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. वनरक्षकाच्या भरतीत मुलांना ५ किलोमीटर, मुलींना ३ किलोमीटर. ट्रकच्या उजेडात, कडेच्या पांढऱ्या पट्टीवरून ही लेकरं पळतात, कारण गावात मैदान नाही आणि शेतरस्ता चिखलाचा. आई-बाप घरात जीव मुठीत धरून बसतात.

भरती झाली की पळणं संपतं. झाली नाही तरी वय निघून गेलं की संपतं. पोरीचं तर लग्न ठरलं की त्याच दिवशी संपतं. लेकरू झाल्यावर पळणारी बाई मी तरी आमच्या भागात पाहिली नव्हती. पुरुषांचंही फार वेगळं नाही. पूर्वी मोटार चालू करायला रात्री विहिरीपर्यंत चालत जावं लागे, आता अनेकांची मोटार मोबाइलवर चालू होते. नांगरट ट्रॅक्टरने, फेरफटका मोटारसायकलने. कामाचा ताण तेवढाच राहिला, पायांचं चालणं मात्र कमी झालं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने आठवड्याला निदान १५० मिनिटं दम लागेल इतपत हालचाल करावी. निंदणी-वेचणीला जाणारी मजूर बाई त्याच्या कितीतरी पट राबते, तिला व्यायामाचा उपदेश करणं शहाणपणाचं नाही. पण तिलाही दिवसातला एक तास स्वतःचा मिळत नाही, हेही तितकंच खरं.

रानच का?

रानवाट मातीची असते, डांबरासारखी कडक नाही. तिथे ट्रक नाही, हॉर्न नाही. वाट वर-खाली होते, म्हणून घोट्यांचे, पोटरीचे, कंबरेचे सगळे स्नायू कामाला लागतात. वेग आपोआप कमी होतो. डांबरी रस्त्यावर जो माणूस दहा किलोमीटर एका तासात जाईल, त्याला रानात दीड तास लागला तरी कमीपणा नाही. चढ आला की जगभरचे भलेभले पळणारेही चालतात. त्यामुळे ज्याचं पळणं पंधरा वर्षांपूर्वी सुटलं त्याला रानवाट सोयीची. चाललं तरी कोणी हसत नाही.

आणि रान आपल्याकडे आहे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर, पश्चिमेला साक्रीकडे सह्याद्रीचे फाटे. धुळ्याजवळ लळिंगचं कुरण, चाळीसगावजवळ पाटणादेवीचं जंगल, रावेर तालुक्यात पाल. साग, सलई, धावडा, खैर, पळस, आणि धुळ्याकडचा अंजन. गुराख्यांनी आणि मोहाची फुलं वेचणाऱ्या बायांनी या रानातल्या वाटा पिढ्यान् पिढ्या पायाखाली घातल्या आहेत. नवीन वाट पाडायची गरजच नाही.

आईपण आणि शर्यत, दोन्ही

लेकरू असताना शर्यत कशी जमेल, असं वाटत असेल तर काही उदाहरणं सांगते.

फ्रान्स, इटली आणि स्वित्झर्लंड या तीन देशांतून माँ ब्लाँ पर्वताला वळसा घालणारी सुमारे १७० किलोमीटरची डोंगरवाटेची शर्यत दरवर्षी होते. २०१८ साली सोफी पॉवर नावाची इंग्लंडची बाई त्यात पळाली. तिचं बाळ तेव्हा तीन महिन्यांचं होतं. वाटेतल्या थांब्यावर बसून ती बाळाला अंगावर पाजते आहे, असा तिचा फोटो जगभर गाजला. त्यामागची गोष्ट कमी लोकांना माहीत आहे. तिला याच शर्यतीत २०१४ साली जागा मिळाली होती, पण ती गरोदर होती. पाय मोडलेल्याला जागा पुढच्या वर्षी ढकलता येत होती, गरोदर बाईला नाही. नंतर त्या शर्यतीने हा नियम बदलला.

दुसरी जास्मिन पॅरिस. ही पेशाने जनावरांची डॉक्टर, म्हणजे आपल्याच गोतातली म्हणा. जानेवारी २०१९ मध्ये तिने ब्रिटनमधली २६८ मैलांची, म्हणजे सुमारे ४३१ किलोमीटरची, भर थंडीतली शर्यत सगळ्या पुरुषांच्याही पुढे राहून जिंकली. वेळ लागला ८३ तास १२ मिनिटं. तेव्हा तिची मुलगी चौदा महिन्यांची होती, आणि वाटेतल्या थांब्यांवर ती मुलीसाठी दूध काढत होती. पुढे मार्च २०२४ मध्ये, दोन लेकरांची आई असताना, अमेरिकेतल्या टेनेसी राज्याच्या जंगलात होणारी बार्कली नावाची शर्यत तिने पूर्ण केली. ही शर्यत पूर्ण करणारी ती पहिली बाई. साठ तासांची मुदत संपायला ९९ सेकंद उरले होते.

परदेशातलं कशाला, असं कोणी म्हणेल. तर आपल्या बारामतीच्या लता भगवान करे आठवा. आजारी नवऱ्याच्या तपासण्यांना पैसे हवेत म्हणून या साठीतल्या आजी नऊवारी नेसून, अनवाणी शर्यतीत उतरल्या आणि आपल्या गटात पहिल्या आल्या. त्यांच्याच नावाचा मराठी चित्रपट २०२० साली आला आणि त्यात त्यांनी स्वतःची भूमिका स्वतःच केली. त्या रानात नाही, रस्त्यावर पळाल्या. पण बाईमाणसाने या वयात पळावं का, हा प्रश्न त्यांनी कायमचा मिटवला.

आपल्याला ४३१ किलोमीटर पळायचं नाही. आपल्याला तीन, पाच, फार तर दहा किलोमीटर जायचं आहे. तेही जिंकायला नाही, पुरं करायला.

माझी शर्यत

आमच्या भागात सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात वनसमितीने आणि तिथल्या तरुणांनी मिळून जानेवारीत दहा किलोमीटरची रानातली शर्यत घेतली. शंभराच्या आत माणसं. मी बारा आठवडे तयारी केली होती. पहाटे गावाबाहेर पळताना पहिल्या दिवशी दूध घालायला निघालेल्या एका आजोबांनी विचारलं, "काय ताई, मांगे कुत्रं लागनं का?" तिसऱ्या आठवड्यापासून त्यांनी विचारणं सोडलं. नंतर हात वर करायला लागले.

शर्यतीच्या आदल्या रात्री मुलाला ताप आला. सासूबाई म्हणाल्या, "पोऱ्याले ताप शे अन् तू पयाले जाई राहिनी?" त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. लेकरू आजारी असताना आई कुठे जाते, हे गाव बघतंच. मी बूट ठेवून दिले होते. तेव्हा आमचे हे म्हणाले, "जाऊ दे तिले, मी शे ना घरी." मी गेले. मुलगी सोबत आली, तिला पाण्याच्या टेबलावर काम दिलं होतं.

पहिले दोन किलोमीटर माझं लक्ष वाटेवर नव्हतंच. पाझर तलावापासून वाट सागातून वर चढते. वर पठारावर मोबाइलला रेंज नाही. घरी ताप किती असेल, मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या असतील का, हेच डोक्यात. एका दगडाला ठेच लागली तेव्हा कळलं की असं चाललं तर आपण पडणार. मग ठरवलं, पुढच्या चार पावलांपुरतंच बघायचं. वाट तेवढीच मागते. नांगराच्या तासावर नजर ठेवतात तसं.

सहाव्या किलोमीटरला आम्ही दोघीजणी चुकलो. वळणावर फक्कीने बाण काढला होता, तो शेळ्यांच्या पायांखाली पुसला गेला होता. आम्ही सरळ नाल्यात उतरलो. पलीकडून एका शेळ्या चारणाऱ्या पोराने ओरडून सांगितलं, "ताई, वाट चुकनात तुम्ही!" दहा मिनिटं गेली. पाय जड झाले. बसावंसं वाटलं. सोबतची बाई, तीही दोन लेकरांची आई, म्हणाली, "बसू नका, बसलं की उठवत नाही." आम्ही चालत निघालो, उतार आला तसं पुन्हा पळालो.

शेवट आला तेव्हा एक तास सत्तेचाळीस मिनिटं झाली होती. मुलीने पाण्याचा गिलास हातात दिला आणि म्हणाली, "मम्मी, तुझ्या मागे अजून चौघंच आहेत." नंतर फोनला रेंज आली. घरून निरोप होता, ताप उतरला, पेज प्यायला. घरी पोचले तर मुलाने एवढंच विचारलं, "केळं आणलं का?" शर्यत पुरी करणाऱ्याला दोन केळी मिळतात हे मी त्याला सांगितलं होतं. बक्षीस म्हणाल तर तेवढंच.

त्यानंतर सहा महिन्यांनी तपासलं तेव्हा रक्तदाब उतरला होता. आता सासूबाई एखाद्या पहाटे मला झोपलेली पाहिलं की म्हणतात, "आज गई नही का?"

बारा आठवड्यांचं वेळापत्रक

पिकाला जशी पूर्वमशागत, तशी पळण्यालाही लागते. एकदम पळायला सुरुवात केली तर गुडघा धरतो आणि माणूस सोडून देतो. चाळिशी ओलांडलेल्यांनी, रक्तदाब, साखर किंवा छातीचं दुखणं असलेल्यांनी आधी डॉक्टरांना दाखवावं. बाळंतपण झालेल्या बहिणींनी निदान तीन महिने तरी पळू नये आणि नंतरही डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी. व्यायामाने अंगावरचं दूध आटतं हा समज खरा नाही. खाणं-पिणं पुरेसं हवं, आणि पळायला जाण्याआधी बाळाला पाजून निघावं म्हणजे आईलाही सोपं जातं.

पहिले तीन आठवडे आठवड्यातून पाच दिवस, रोज अर्धा तास नुसतं झपझप चाला.

चौथ्या ते सहाव्या आठवड्यात एक दिवसाआड, एक मिनिट पळा आणि दोन मिनिटं चाला. असं अर्धा तास.

सातव्या ते नवव्या आठवड्यात तीन मिनिटं पळा, एक मिनिट चाला. असं चाळीस मिनिटं. रविवारी लेकरांना घेऊन एक तास रानवाटेने जा. लेकरू दमलं की थांबा.

दहाव्या-अकराव्या आठवड्यात रविवारची फेरी दीड तासाची करा. बाराव्या आठवड्यात सगळं निम्म्यावर आणा. काढणीच्या आधी गव्हाचं पाणी तोडतात, तसंच हे.

वेग किती ठेवायचा? पळताना सोबतच्या माणसाशी बोलता आलं पाहिजे. बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे. उतारावर लांब ढांगा टाकू नका, लहान पावलं टाका. बूट तळाला खाचा असलेले, आणि शर्यतीच्या दिवशी नवे नकोत. साडीवर पळता येतं का? चालता नक्की येतं. पण पंजाबी ड्रेस आणि बूट असतील तर काट्यांचा त्रास कमी.

खायला आपल्या घरात आहे तेच पुरे. आदल्या रात्री कळण्याची भाकरी. तेलकट-तिखट जरा बेताने. सकाळी निघायच्या तासभर आधी एक केळं किंवा गूळ-शेंगदाणे. पाण्यात लिंबू, मीठ, साखर. जगातल्या मोठमोठ्या शर्यतींत शेवटाला केळी वाटतात. २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेली जळगावची केळी आपल्या दारात आहेत. आपण ती ट्रकभर बाहेर पाठवतो, स्वतः मात्र बिस्किटांवर भागवतो.

गावाने शर्यत घ्यायची असेल तर

आता सरपंच, ग्रामसेवक भाऊसाहेब आणि वनसमितीच्या मंडळींसाठी. (भाऊसाहेबांचं पदनाम बदललं तरी गावाच्या तोंडी तेच आहे.) असा कार्यक्रम घ्यायला मोठा पैसा लागत नाही. नीट आखणी लागते.

हंगाम. पावसाळ्यात वाट निसरडी, नाले अवचित भरतात. ऑक्टोबरात गवत कमरेइतकं, साप दिसत नाही. कापसाची वेचणी जोरात असताना माणसं येणार नाहीत. फेब्रुवारीच्या मध्यापासून वणव्याचा काळ सुरू होतो, पुढे आपलं ऊन सांगायला नको. म्हणून डिसेंबरचा दुसरा पंधरवडा ते जानेवारीअखेर हाच खरा हंगाम. पहाटे थंडी असते, म्हणून सुरुवात उजाडल्यावर, सात-साडेसातला करा. अंधारात नको, बिबट्या आणि रानडुक्कर यांच्या फिरण्याची ती वेळ असते.

परवानगी. जंगल वन खात्याचं असेल तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांमार्फत निदान दोन महिने आधी लेखी अर्ज करा. पाटणादेवीचं जंगल गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात येतं आणि पाल यावल अभयारण्यात. अभयारण्याचे नियम कडक असतात, तिथे गर्दीचा कार्यक्रम धरूच नका. त्यापेक्षा गावाने राखलेलं जंगल, गायरान किंवा पाणलोटाची कामं झालेली टेकडी बघा. शर्यत झाली की सलग समतल चर आणि बंधारे बघण्याचं कामही त्यातच होतं.

या बाबतीत साक्री तालुक्यातलं बारीपाडा डोळ्यांपुढे ठेवा. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी कुऱ्हाडबंदी, चराईबंदी करून सुमारे अकराशे एकर जंगल उभं केलं. त्या कामासाठी पवारांना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली. तिथल्या बायांची वनभाज्यांची स्पर्धा प्रसिद्ध आहे. म्हणजे जंगल राखलं की त्याच्या आधाराने गावाचा मेळावा भरतो, हे आपल्याच जिल्ह्यांत सिद्ध झालेलं आहे.

वाट. ३, ५ आणि १० किलोमीटर अशा तीन फेऱ्या ठेवा. तीनची फेरी आई किंवा बाप आणि लेकरू यांनी हात धरून जायची. गुराख्यांना विचारून वाट ठरवा, त्यांच्याइतकं रान कोणाला कळत नाही. खुणा फक्कीच्या करा, पण फक्की पुसली जाते हे मी पायांनी शिकले आहे, म्हणून प्रत्येक वळणावर फांदीला रंगीत कापडाची पट्टी आणि तिथे एक माणूस हवाच. झाडांवर रंग मारू नका, खिळे ठोकू नका. संध्याकाळी सगळ्या पट्ट्या मोजून परत आणा. प्लॅस्टिकचे ग्लास नकोत, माठ आणि स्टीलचे गिलास ठेवा.

माणसांची मोजणी. निघाले किती, आले किती, याची वही ठेवा. सगळ्यांच्या मागून एक जाणता माणूस चालत यावा. त्याच्या मागे कोणी नाही, म्हणजे रान मोकळं झालं. १०८ रुग्णवाहिकेला आणि जवळच्या ग्रामीण रुग्णालयाला आधी कळवा, सर्पदंशाची लस तिथे आहे का ते विचारून घ्या. साप चावलाच तर कापू नका, चोखू नका, दोरीने करकचून बांधू नका. माणसाला धीर द्या, चावलेला अवयव हलू देऊ नका आणि थेट दवाखाना गाठा. आग्या मोहोळ असलेल्या झाडाखालून वाट नेऊ नका, आणि तिकडे बिडी-काडी तर अजिबात नको.

आई-बापांची सोय. बाकी सगळं केलं आणि हे राहिलं तर बाया येणार नाहीत. लहान लेकरं सांभाळायला सुरुवातीच्या जागी एक सावलीची खोली, तिथे अंगणवाडी सेविका किंवा दोन जाणत्या आजी. पाजायला आडोसा. बायांसाठी स्वच्छतागृह. आणि नवरा-बायको दोघांना पळायचं असेल तर तिघांपैकी दोन वेगवेगळ्या फेऱ्या वेगवेगळ्या वेळी सोडा, म्हणजे एक पळेल तेव्हा दुसरा लेकरू धरेल. बक्षीस पहिल्याला द्या, पण टाळ्या शेवटच्याला वाजवा. गाव त्याच्यासाठी थांबलं हे लेकरांनी बघितलं पाहिजे. २६ जानेवारीच्या ग्रामसभेला लोक आपोआप जमतात. त्याच आठवड्यातला रविवार धरला तर वेगळी दवंडी द्यायला नको.

शेवटचं एक

माझी शर्यत झाली तेव्हापासून आमच्या गल्लीतल्या तिघी बाया पहाटे माझ्यासोबत निघायच्या. दोघी अजून येतात. एकीला साखर आहे, तिची गोळी सुटलेली नाही, पण डॉक्टर म्हणतात आकडे बरे आहेत. दुसरी म्हणते, मला पळायचं नाही, मला तासभर कोणाला उत्तर द्यायचं नाही.

तिसरी तिघींत चांगली पळायची. लग्नाआधी तिने पोलीस भरतीची तयारी केली होती, थोडक्यात हुकली. वीस दिवस आली आणि मग बंद झाली. घरून कोणी भांडलं नाही, मारलं नाही. फक्त म्हणाले, लोक काय म्हणतील. आता तिची मुलगी सातवीत आहे आणि शाळेत पळते. एक दिवस ती मुलगीही आईला तोच प्रश्न विचारणार आहे.

त्या घरात हा पेपर येतो. म्हणून हे लिहिलं. येत्या जानेवारीत आम्ही पुन्हा त्या रानात जाणार आहोत. तयारीला बारा आठवडे लागतात, म्हणजे सुरुवात दिवाळीच्या आगेमागे करावी लागेल. तिला पाठवा. आणि शेतकरी दादांनो, तिच्यासोबत तुम्हीही या. चढ आला की चालू.